इंग्लिश ब्राउन एलची चव कशी घ्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लीड्सला घर केल्यापासून कुणी मराठी पाहुणे आले की मी त्यांच्यापुढे एकदा तरी ब्राउन एल ठेवते. बहुतेकांना बीअर म्हणजे पिवळी, बर्फगार आणि फेसाळ एवढंच माहीत असतं. ही तपकिरी, जेमतेम गार बाटली समोर आली की प्रश्न सुरू होतात, आणि दर वेळी ते जवळपास तेच असतात. म्हणून एकदा सगळी उत्तरं लिहून काढली.

ब्राउन एल म्हणजे नेमकं काय?

एल ही बीअरच, पण उबदार तापमानात, साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला आंबवलेली. आपल्याकडे मिळणारी नेहमीची लागर बरीच थंड ठेवून आंबवतात, म्हणून ती साफ आणि सरळ लागते. एलमध्ये यीस्ट थोडा फळांचा गंध सोडतं. ब्राउन एल ही त्यातली तपकिरी, माल्टच्या (मोड आणून भाजलेल्या जवाच्या) चवीवर उभी असलेली आणि फारशी कडू नसलेली बीअर. आजच्या बहुतेक इंग्लिश ब्राउन एलमध्ये अल्कोहोल साधारण ४.२ ते ५.९ टक्के असतं. कडवटपणा मोजायच्या आयबीयू या एककात ती २० ते ३० च्या दरम्यान असते. इंडिया पेल एल सहज ४० ते ६० पर्यंत जाते, त्यावरून अंदाज यावा.

‘नट ब्राउन’ म्हणतात, मग तिच्यात सुकामेवा घालतात का?

नाही. ‘नट ब्राउन’ हे मुळात रंगाचं वर्णन आहे आणि इंग्रजीत ते काही शतकं जुनं आहे. आपण ‘चिंतामणी रंग’ किंवा ‘मोरपिशी’ म्हणतो, त्या धर्तीचं. पण पहिला घोट घेतल्यावर भाजलेल्या दाण्यांची आठवण येते हेही खरं, आणि ती आठवण येते भाजलेल्या जवामुळे. ज्यांना सुक्या मेव्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी बाटलीवरची घटकांची यादी वाचावीच, कारण अलीकडे काही छोटे उत्पादक खरोखर हेझलनट वगैरे घालतात. पारंपरिक प्रकारात मात्र जव, पाणी, हॉप्स (बीअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं), यीस्ट आणि क्वचित थोडी साखर एवढंच असतं.

मग ती चव येते कुठून?

ज्यांनी घरी नाचणीचं सत्त्व होताना पाहिलं आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, मंद आचेवर भाजायची आणि दळायची. जवाला हेच केलं की त्याचा माल्ट होतो. मोड आल्यावर दाण्यातल्या पिठाची साखर करणारी द्रव्यं जागी होतात. भाजताना साखर आणि प्रथिनं एकत्र येऊन तो तपकिरी रंग आणि वास तयार होतो, जो भाकरीच्या पापुद्र्यालाही येतो.

ब्राउन एलमध्ये बहुतेक भाग फिकट माल्टचाच असतो. मॅरिस ऑटर ही जवाची जात या कामासाठी इंग्लंडमध्ये फार मानाची आहे. तिच्यात थोडा क्रिस्टल माल्ट घालतात. हा ओला असतानाच बंद ड्रममध्ये तापवतात, त्यामुळे साखर सालीच्या आतच तयार होते आणि भाजताना काचेसारखी घट्ट बसते. टॉफीची, काकवीची चव त्याची. शिवाय अगदी थोडा चॉकलेट माल्ट असतो. त्यात चॉकलेट नसतं, रंगावरून ते नाव पडलं. हॉप्स बहुधा फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग्ज असतात. त्यांचा वास मातकट, गवती आणि सौम्य, माल्टला मागे ढकलणारा नव्हे.

चव सांगायला मराठीत शब्द आहेत का?

आहेत, आणि माझ्या मते या एका बीअरसाठी मराठी इंग्रजीपेक्षा जास्त नेमकी आहे. इंग्रजीत सगळ्यालाच ‘रोस्टेड’ म्हणून मोकळे होतात. आपल्याकडे भाजण्याच्या पायऱ्या आहेत. भाजणीच्या पिठाला दरवळ सुटला की ते खमंग. भाकरीचा पापुद्रा किंचित गडद होऊन कुरकुरीत झाला की खरपूस. त्याच्या पुढे गेलं की करपलं. ब्राउन एलची जागा खमंग आणि खरपूस यांच्या मध्ये आहे. पोर्टर ही आणखी गडद बीअर खरपूसच्या कडेला जाते. त्याहून काळी स्टाउट मुद्दाम करपटपणापर्यंत, कडक काळ्या कॉफीपर्यंत जाते. ब्राउन एल पिताना जळकट चव ठळक लागली, तर एक तर तुम्ही दुसरंच काही पीत आहात किंवा करणाऱ्याचा हात काळ्या माल्टवर सैल सुटला आहे.

गोडव्याचंही तसंच. साखरेचा गोडवा वेगळा, गुळाचा वेगळा, काकवीचा वेगळा आणि खजुराचा वेगळा. उत्तर इंग्लंडच्या बाटलीत मला शेंगदाण्याची चिक्की सापडते. गूळ आहे, पण तो भाजलेल्या दाण्याच्या मागे उभा आहे. लंडनच्या जुन्या पद्धतीच्या एलमध्ये खजूर आणि काळे मनुके पुढे येतात. ‘नटी’, ‘टॉफी’ असे शब्द पाठ करण्यापेक्षा आपल्या स्वयंपाकघरातला वास शोधा. तो लवकर सापडतो आणि लक्षातही राहतो.

किती थंड प्यावी?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून थोडं सविस्तर सांगते. फ्रिजमधून काढल्या काढल्या, म्हणजे चार-पाच अंशांना, ब्राउन एल प्यायलात तर ती पाणचट लागेल आणि किंचित धातूसारखी कडू लागेल. जीभ थंडीने बधिर होते आणि माल्टचे वास द्रवातून वर येतच नाहीत. साजूक तूप थिजलेलं असताना त्याचा वास किती कमी येतो आणि गरम भातावर वाढलं की किती दरवळतं, तोच हा फरक.

योग्य तापमान १० ते १३ अंश. इंग्लंडमधल्या पबच्या तळघराचं तापमान साधारण ११ ते १३ अंश राखलेलं असतं, म्हणून तिथे पिपातून आलेली एल आपोआपच बरोबर मिळते. ‘इंग्रज कोमट बीअर पितात’ हे म्हणणं चुकीचं आहे. ती कोमट नसते, गारच असते, फक्त बर्फगार नसते.

घरी असाल तर बाटली फ्रिजमधून काढून वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवा. मे महिन्यात पुण्या-नागपुरात असाल तर दहा मिनिटं पुरे. आणि ओतल्यावर घाई करू नका. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की पहिल्या घोटावरून मत देऊ नका. अर्धा ग्लास संपेपर्यंत ती एक-दोन अंशांनी वर येते आणि तेव्हा बोलायला लागते.

ग्लास कोणता घ्यावा?

साधा पाइंट ग्लास, म्हणजे ५६८ मिलिलिटरचा, वरच्या बाजूला फुगवटा असलेला. ट्यूलिपच्या आकाराचा असेल तर वास जास्त गोळा होतो. ग्लासच्या आकारापेक्षा तो स्वच्छ असणं महत्त्वाचं. भांडी घासायच्या साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस बसतो. आधी गार पाण्याने ग्लास विसळून घ्या आणि पुसू नका.

न्यूकॅसलची रीत मात्र निराळी आहे. तिथे ५५० मिलिलिटरच्या बाटलीबरोबर अर्ध्या पाइंटचा छोटा ग्लास देतात. थोडं ओतायचं, प्यायचं, पुन्हा ओतायचं. त्यामुळे फेस सतत ताजा राहतो. आधी मला हा हट्ट वाटायचा. करून पाहिल्यावर त्यातलं शहाणपण कळलं.

चव घेण्याची पद्धत सांगा.

आधी तोंडाकडे लक्ष द्या. जेवणानंतर बडीशेप, सुपारी किंवा पान खाल्लं असेल तर अर्धा तास थांबा. अत्तर आणि उदबत्ती दोन्ही दूर ठेवा.

ग्लास तिरका धरून ओता आणि शेवटी सरळ करून दोन बोटं फेस येऊ द्या. मग पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघा. जाड भागात ती तपकिरी दिसते, पण कडेला उजेड पडला की तांबूस, जवळजवळ माणकासारखी झाक दिसली पाहिजे. फेस पांढरा नसतो, मलईच्या रंगाचा असतो.

वास एकदम खोल घेऊ नका, दोन-तीनदा हलकेच हुंगा. नाक पटकन सरावतं आणि मग काही कळत नाही. पहिल्यांदा बहुधा पावाचा पापुद्रा किंवा बिस्किट येईल. त्यामागे टॉफी, आणि त्याही मागे सफरचंद, पेर किंवा वाळलेल्या फळांचा हलका गंध. हे शेवटचं यीस्टचं देणं.

आता एक छोटा प्रयोग. नाक चिमटीत धरा, एक घोट घ्या, तोंडात फिरवा. फक्त गोड, थोडं कडू आणि बुडबुडे एवढंच जाणवेल. आता नाक सोडा. भाजलेल्या दाण्याची चव एकदम येते. म्हणजे तो खमंगपणा जिभेवर नव्हताच, घशाच्या मागून नाकात गेला. मुलांना गोळी खाताना नाक धरायला सांगतो त्यामागेही हेच आहे.

वाइन चाखणारे थुंकून टाकतात, बीअर गिळायची असते. कडवटपणा गिळल्यानंतर हळूहळू चढतो आणि शेवट कसा होतो हे त्याशिवाय कळत नाही. चांगल्या ब्राउन एलचा शेवट तोंडात चिकट राहत नाही. गोडी येते, मग हॉप्सचा कडूपणा हलकेच ती पुसून घेतो आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. हा तोल मी सगळ्यात आधी बघते. रंग, फेस आणि नाव त्यानंतर.

उत्तरेची आणि दक्षिणेची, असे दोन प्रकार का सांगतात?

कारण त्या खरंच दोन वेगळ्या बीअर आहेत. अठराव्या शतकाच्या आधी इंग्लंडमधल्या बऱ्याचशा बीअर तपकिरीच होत्या, कारण माल्ट लाकडाच्या आचेवर वाळवत. पुढे फिकट माल्ट करणं सोपं झालं. शिवाय हायड्रोमीटर या घनता मोजायच्या उपकरणाने मोजल्यावर लक्षात आलं की तपकिरी माल्टमधून कमी साखर निघते, म्हणजे तो महागात पडतो. ती जुनी तपकिरी बीअर मागे पडली. आज जी आपण पितो ती विसाव्या शतकाच्या तोंडावर नव्याने घडवलेली आहे.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात मॅन, क्रॉसमन अँड पॉलिन यांची अल्बियन ब्रुअरी, म्हणजे बीअरचा कारखाना, होती. तिथले मुख्य ब्रुअर थॉमस वेल्स थॉर्प यांनी १९०२ च्या सुमारास बाटलीतली मॅन्स ब्राउन एल आणली. गडद, गोड आणि सौम्य. लंडनचं पाणी कार्बोनेटयुक्त, आणि अशा पाण्याला गडद माल्टचा आंबटपणा मानवतो. ती ब्रुअरी बंद पडली, पण मॅन्स आजही मिळते आणि तिच्यात अल्कोहोल फक्त २.८ टक्के आहे. एकेकाळी पबमधली पिपातली माइल्ड (सौम्य, कमी कडू) बीअर बऱ्याचदा शिळी किंवा मंद झालेली असे. लोक अर्धा पाइंट माइल्ड मागवून त्यात ब्राउन एलची बाटली ओतत, की ती पुन्हा जिवंत होई. ‘ब्राउन अँड माइल्ड’ म्हणून ही जोडी अनेक वर्षं चालली.

उत्तरेची एल जास्त कडक, जास्त कोरडी आणि रंगाने तांबूस. सन्डरलंडच्या व्हॉ ब्रुअरीने १९०१ मध्ये मॅक्झिम काढली, ती मालकांच्या घरातल्या अर्नेस्ट व्हॉ यांच्या सन्मानार्थ. बोअर युद्धात ते मॅक्झिम मशीनगनच्या तुकडीचे प्रमुख होते. व्हॉ ब्रुअरी १९९९ मध्ये बंद झाली, पण डबल मॅक्झिम हे नाव टिकलं आहे. मग १९२७ मध्ये न्यूकॅसल ब्राउन आली. कर्नल जिम पोर्टर यांनी रसायनतज्ज्ञ आर्ची जोन्स यांच्याबरोबर तीन वर्षं खपून ती बसवली. आणि माझ्या घरापासून जवळ असलेल्या टॅडकास्टरमध्ये सॅम्युअल स्मिथ यांची ओल्ड ब्रुअरी आहे, १७५८ पासूनची. तिथे अजूनही पाटीच्या दगडाच्या चौकोनी टाक्यांमध्ये बीअर आंबवतात. त्यांना यॉर्कशायर स्क्वेअर म्हणतात. त्यांची नट ब्राउन एल ५ टक्क्यांची. कुणाला एकच बाटली पाजायची असेल तर मी हीच निवडते.

न्यूकॅसल ब्राउन एल आता न्यूकॅसलमध्ये बनत नाही, हे खरं का?

खरं आहे, आणि तिथल्या लोकांना ते अजून सलतं. बाटलीवरच्या निळ्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे ज्या पाच ब्रुअरी एकत्र येऊन न्यूकॅसल ब्रुअरीज झाली, त्यांची खूण. नव्वदच्या दशकात हाच तारा न्यूकॅसल युनायटेडच्या फुटबॉल शर्टांवर होता. बोलीत तिला ‘ब्रून’ म्हणतात, नाहीतर ‘डॉग’. कुत्र्याला फिरवून आणतो असं सांगून पबला जायची ती जुनी सबब.

२००० मध्ये युरोपीय संघाने तिला संरक्षित भौगोलिक ओळख दिली. नाशिकच्या द्राक्षांना किंवा कोल्हापुरी चपलेला आपल्याकडे मिळते तसली. अट अशी की ती न्यूकॅसलमध्येच बनली पाहिजे. पुढे मालकांनी शहरातली टाइन ब्रुअरी बंद करून २००५ मध्ये काम नदीपलीकडे गेट्सहेडला नेलं. नदी ओलांडली आणि अट मोडली. मग ज्यांनी ती ओळख मागून घेतली होती, त्यांनाच ती रद्द करायचा अर्ज करावा लागला. २०१० मध्ये काम टॅडकास्टरला गेलं.

चवीचा प्रश्न वेगळा. ती ४.७ टक्क्यांची, हलकी, सरळ बीअर आहे आणि ब्राउन एलची ओळख करून द्यायला ठीक आहे. पण तिच्यावरून साऱ्या प्रकाराचं मूल्यमापन करू नये.

अमेरिकन ब्राउन एल आणि बेल्जियमची तपकिरी बीअर हेच का?

नाही. अमेरिकन ब्राउनमध्ये हॉप्स बरेच जास्त, कधी लिंबूवर्गी वासाचे, आणि भाजकेपणाही ठळक. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातली आउट ब्राउन तर आंबट असते. तो आंबटपणा मुद्दाम आणलेला आणि सुंदर असतो, पण इंग्लिश ब्राउन एल आंबट लागली तर ती बिघडलेली समजा.

बिघडलेली ओळखायची कशी?

तीन वास लक्षात ठेवा. पहिला ओल्या पुठ्ठ्याचा. बाटली जुनी झाली किंवा उष्णतेत राहिली की हवेमुळे तो येतो. इंग्लंडहून लांबचा प्रवास केलेल्या बाटल्यांमध्ये हा दोष सगळ्यात जास्त सापडतो, आणि गोड माल्टच्या आडून तो नवख्याला ‘मधासारखा’ही वाटू शकतो. दुसरा उग्र, जनावराच्या घामासारखा. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की तो तयार होतो. पारदर्शक काचेच्या बाटलीला हा धोका जास्त, त्यामुळे दुकानात खिडकीजवळच्या फळीवरची बाटली घेऊ नका, मागची काढून मागा. तिसरा लोण्याचा, पॉपकॉर्नवरच्या बटरसारखा. इंग्लिश एलमध्ये तो अगदी पुसट चालतो. तोंडात तेलकट थर जाणवला तर आंबवण्याचं काम अर्धवट राहिलं आहे.

बरोबर काय खावं?

यॉर्कशायरमध्ये वेन्सलीडेल चीज फ्रूट केकबरोबर खातात. त्या ताटलीशेजारी ब्राउन एलचा ग्लास ठेवून बघा. चेडर, सॉसेज, ग्रेव्हीसह भाजलेलं मांस, परतलेले मश्रूम, सगळं जमतं. भाजलेल्याला भाजलेलं साथ देतं एवढंच सूत्र. त्याच सूत्राने आपल्या खोबरं-कांदा भाजून केलेल्या वाटणाचं सुकं मटण किंवा भरली वांगी छान लागतात, पण तिखट बेताचं हवं. अल्कोहोल आणि बुडबुडे तिखटाची आग वाढवतात. नुसते खारे दाणे घेतले तरी चालतील. तळलेला चिवडा मात्र नको, तेलाने फेसही बसतो आणि जीभही.

ती शाकाहारी असते का?

हा प्रश्न फक्त मराठी पाहुणेच विचारतात, आणि तो अगदी योग्य आहे. पिपातली पारंपरिक एल नितळ करायला आयसिंग्लास वापरतात. ते माशाच्या वाताशयापासून करतात. तळाशी बसत असलं तरी वापर झालेला असतो. अनेक उत्पादक आता ते वापरत नाहीत आणि बाटलीवर तसं छापतात. सॅम्युअल स्मिथ यांच्या जवळजवळ सगळ्या बाटल्या वीगन म्हणून नोंदलेल्या आहेत. पबमध्ये बारवरच्या माणसाला विचारा, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. ग्लूटेन चालत नसेल त्यांनी मात्र ही टाळावी, कारण पाया जवाचा आहे.

किती घ्यावी?

ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक युनिट, आणि आठवड्याला १४ युनिटच्या आत राहावं असा तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचा सल्ला आहे. न्यूकॅसल ब्राउनच्या एका बाटलीत साधारण २.६ युनिट येतात. मॅन्सच्या अर्ध्या लिटरमध्ये १.४. चव घ्यायची असेल तर एक बाटली दोघांत पुरते. गाडी चालवायची असेल, गर्भारपण असेल किंवा कायद्याने वय झालेलं नसेल तर अजिबात नको.

पुण्या-मुंबईत ही चव कशी ओळखायची?

पुण्यात २००९ मध्ये डूलाली या बीअरघराने स्वतःची बीअर बनवायला सुरुवात केली, त्यानंतर शहरोशहरी ताज्या बीअरची ठिकाणं झाली आहेत. कुठल्या यादीत ‘ब्राउन एल’ दिसली तर दोन प्रश्न विचारा. इंग्लिश पद्धतीची की अमेरिकन? आणि गार किती देता? पहिला अर्धा ग्लास थांबून प्या. नाचणीच्या सत्त्वाची किंवा भाजणीची आठवण आली तर बरोबर जागी आहात.

बाटली घरी किती दिवस ठेवता येते?

ही जुनी करून मुरवायची बीअर नव्हे. बाटलीवरची तारीख बघा आणि जितकी ताजी मिळेल तितकी घ्या. अंधारात, उभी आणि गारव्यात ठेवा. फ्रिजच्या दारात नको, दर उघडझापीला ती हलते आणि तापमान बदलतं. तळाशी यीस्टचा थर असेल तर आदल्या दिवसापासून उभी ठेवा, एकाच धारेत सावकाश ओता आणि शेवटचा बोटभर घोट बाटलीतच राहू द्या.